न टोचणारा आवाज

माझं पोट कानांवर चालतं. श्रूजबरी या अमेरिकन गावातल्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर एक चिंचोळी खोली आहे. सकाळी साडेआठला मी तिथे हेडसेट चढवते आणि दुभाष्याचं काम सुरू होतं. कुठल्या तरी राज्यातल्या कुठल्या तरी हॉस्पिटलात कुणी आजी डॉक्टरांसमोर बसलेल्या असतात. त्या मराठीत किंवा हिंदीत बोलतात, ते मी फोनवरून इंग्रजीत सांगते. डॉक्टर बोलतात ते आजींच्या भाषेत नेऊन पोचवते. या कामाचा एक नियम आहे. आजी ‘माझ्या गुडघ्यात कळ येते’ म्हणाल्या, तर मीही ‘माझ्या गुडघ्यात’ असंच म्हणायचं. त्यामुळे दिवसभरात मला तीन-चार गुडघे होतात, एखादं गरोदरपण होतं, एखादी वाईट बातमी माझीच म्हणून मला ऐकवली जाते आणि माझ्याच तोंडून मला सांगितली जाते. पाच वाजता हेडसेट काढला की मी खिडकीपाशी उभी राहते. समोरच्या मेपलच्या झाडाकडे बघत राहते. यातलं कोणतं दुखणं आपलं, हे ठरायला थोडा वेळ लागतो.

अशा माणसाच्या घरात स्पीकर आले.

ते आले नवऱ्याच्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला. तो नागपूरचा, मी नाशिकची. इथल्या एका औषधांच्या कारखान्यात तो यंत्रांची देखभाल बघतो. आयुष्यभर त्याने गाणी ऐकली ती गाडीत, नाहीतर लॅपटॉपच्या किरकिऱ्या आवाजात. ‘एकदा तरी नीट ऐकायचंय,’ हे तो इतकी वर्षं म्हणत आला होता की या वाढदिवसाला मीच त्याला एका मोठ्या दुकानात घेऊन गेले. तिथे एक काळोखी, गुबगुबीत खोली होती. विक्रेत्याने आम्हाला बसवलं आणि त्याच्याजवळचं काहीतरी वाजवलं. आधी घुंगुरांसारख्या बारीक घंटा, मग एक तारवाद्य. तारेवर नख घासल्याचा आवाज वेगळा ऐकू आला. वाजवणाऱ्याने श्वास घेतला, तोही ऐकू आला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी म्हणाले, “हेच घेऊ या.” हे सांगायलाच हवं, कारण पुढे जे झालं त्यात नवऱ्याची एकट्याची निवड नव्हती. तीन मिनिटांत मीही भुलले होते.

आमची बसायची खोली मोठी आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही गालिचा उपटून तिथे लाकडी जमीन करून घेतली होती. खिडक्यांना पडदे नाहीत, कारण मला उजेड आवडतो. त्या उघड्या, लखलखीत खोलीत ते दोन उंच, काळे स्पीकर उभे राहिले, आणि पहिले आठ दिवस आम्ही जुनी सगळी गाणी नव्याने ऐकली. ‘ही टाळी होती का इथे?’ ‘हे मागे कोण बोललं?’ असं चाललेलं. ऑक्टोबर होता. बाहेर पानं पिवळी होऊन गळत होती, आत आवाज झळाळत होता, आणि मला वाटायचं की आपण एका स्वच्छ काचेच्या डब्यात बसलोय.

मग मी उठायला लागले.

आधी लक्षात आलं नाही. गाणी लागली की पंधरा-वीस मिनिटांत मला काहीतरी काम आठवायचं. वॉशरमधले कपडे ड्रायरमध्ये टाकायचेत. कोथिंबीर निवडायची राहिलीय. एकदा मी गॅरेजमध्ये गेले आणि बंद गाडीत जाऊन बसले. काही करायला नव्हे, नुसती. त्या शांततेत कानांच्या मागची शीर हळूहळू सैल पडत गेली. तेव्हा कळलं की ती इतका वेळ आवळलेली होती. जबडाही. दात घट्ट मिटून मी गाणं ऐकत होते.

दुखत नव्हतं. दुखलं असतं तर सांगता आलं असतं. आवाज मोठाही नव्हता. फक्त नको व्हायचं. मला वाटलं, वय झालं, किंवा दिवसभर ऐकून ऐकून कान भरून गेले. मी जाऊन कान तपासून घेतले. तपासणारी बाई हसून म्हणाली, “तुमच्या वयाच्या मानाने हेवा वाटावा असे कान आहेत.” मग दोष माझ्याच स्वभावात असणार, असं धरून मी गप्प राहिले.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला आमची लेक सिएटलहून आली. ती इथेच जन्मलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. तिने बाबासाठी एक भेट आणली होती. तिच्या आजोबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, एक कॅसेट आमच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून होती. वाजवायला टेपच नव्हता. ती उन्हाळ्यात गुपचूप घेऊन गेली होती आणि कुणाकडून तरी ती कॉम्प्युटरवर उतरवून आणली होती.

सासरे रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. संध्याकाळी वस्तीच्या गायन पार्टीत गायचे. एप्रिलमधल्या जयंतीला रात्रंदिवस कार्यक्रम असायचे, हार्मोनियम, ढोलकी, मागे सात-आठ जणांचा कोरस, आणि खांबाला बांधलेले भोंगे. माझं लग्न झालं तेव्हा त्यांचं गाणं सुटलेलं होतं. मी त्यांना फक्त खोकताना आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचताना ऐकलेलं. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. कॅसेटवर त्यांचा चाळिशीतला आवाज होता.

नवऱ्याने ते लावलं. आधी खरखर, मग कुणीतरी माईकवर दोनदा फुंकर मारली, आणि मग आवाज उठला. उंच, रुंद, खणखणीत. नवरा सोफ्याच्या काठावर पुढे सरकून बसला होता, हात गुडघ्यांवर. लेक जमिनीवर. मी त्यांच्या मागे. पहिलं गाणं झालं. दुसऱ्यात टाळ्या सुरू झाल्या आणि प्रत्येक टाळी माझ्या कपाळात सुईसारखी यायला लागली. प्रत्येक ‘स’, प्रत्येक ‘श’ फसफसून यायचा. मी दात आवळून बसले. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.

लेक गेल्यावर नवरा म्हणाला, अगदी हळू आवाजात, “बाबांचा आवाज सुरू झाला की तू उठतेस.”

“असं नाहीये रे.”

“दोनदा झालं. काल पण उठलीस.”

“माझं डोकं दुखतं.”

“बाकी गाण्यांनी नाही दुखत?”

“त्यांनी पण दुखतं.”

तो हसला, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. “ते असेच गायचे. भोंग्यातून. लोकांना ऐकू जावं म्हणून. तुमच्या नाशिकच्या बैठकीतलं गाणं नव्हे ते.”

मी भांडी आवरायला लागले. बोलायला हवं होतं. त्याच्या मनात काय आलं असेल ते मला दिसत होतं. आमचं लग्न दोन जातींमधलं. माझ्या माहेरच्या लोकांनी त्याच्या वडिलांच्या गाण्याला कधी गाणं म्हटलं नव्हतं, हे आम्ही दोघंही जाणून होतो. आणि मी मात्र खरंच फक्त कानांचं सांगत होते.

पुढचे काही आठवडे स्पीकर बंद राहिले. त्याने त्यांच्यावर जुनी चादर टाकली. बर्फ पडायला लागलं होतं. संध्याकाळी साडेचारला अंधारून यायचं आणि खोलीत चादर पांघरलेल्या दोन उंच आकृती उभ्या असायच्या. आम्ही त्यांच्या बाजूने जायचो, चहा करायचो, मुलीशी फोनवर बोलायचो.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी माझी कामाची पाळी होती. एक लांब कॉल संपला, पुढचा आला नाही. खिडकीबाहेर बर्फ इतकं संथ पडत होतं की ते वर चाललंय की खाली, कळत नव्हतं. मी हेडसेट काढला आणि गालिच्यावर आडवी झाले. वरच्या खोल्यांत गालिचा अजून आहे. मग कुठून तरी गाणं येऊ लागलं.

मी कामात आहे असं समजून नवऱ्याने खाली कॅसेट लावली होती. मध्ये बंद दार, मध्ये जमीन, गालिचा. त्यातून टाळ्या येत नव्हत्या. खरखर येत नव्हती. येत होता तो फक्त आवाजाचा मधला भाग, उबदार, जरा जडसर, एखाद्या मोठ्या माणसाने दुसऱ्या खोलीत बोलावं तसा. मी कान गालिच्याला टेकवला. शब्द नीट कळत नव्हते. एक ओळ ते पुन्हा पुन्हा घ्यायचे आणि दर वेळी शेवटी थोडं वेगळं वळण द्यायचे, जणू त्यांना ती ओळ सोडवत नव्हती. कोरस खालून यायचा आणि त्यांना उचलून धरायचा. मला वाटलं मी एखाद्या जत्रेपासून लांब, शेताच्या बांधावर झोपलेय आणि वाऱ्याबरोबर गाणं येतंय. केव्हातरी डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते आडवं वाहत कानात गेलं. किती वेळ गेला माहीत नाही. पूर्ण कॅसेट संपली असणार.

दार उघडलं. नवरा चहा घेऊन आला होता. मला जमिनीला कान लावून पडलेली बघून तो घाबरलाच.

“का करून राहिली तू?”

“बाबांना ऐकतेय.”

तो तसाच उभा राहिला. मग चहा टेबलावर ठेवून खाली बसला, आणि पंचावन्न वर्षांचा तो माणूस माझ्या शेजारी आडवा होऊन जमिनीला कान लावू लागला. खाली आता काहीच वाजत नव्हतं.

“इथून टोचत नाही,” मी म्हणाले. “इथून ते किती छान गातात. मला ते आवडतात रे. तुझे स्पीकर आवडत नाहीत.”

“आपले स्पीकर,” तो म्हणाला. “तूच म्हणाली होतीस, हेच घेऊ या.”

आम्ही दोघंही हसलो. खूप दिवसांनी.

त्यानंतर तो या गोष्टीच्या मागेच लागला. यंत्रांचा माणूस आहे. बिघाड कुठे आहे हे शोधायला मिळालं की त्याला बरं वाटतं. त्याने वाचलं, लोकांना विचारलं, आणि मला समजावून सांगितलं. काही स्पीकर बारीक, उंच आवाज जरा वाढवून देतात. त्यामुळे दुकानात ते पटकन उठून दिसतात, सगळं स्पष्ट, चकचकीत वाटतं. पण तो वाढवलेला भाग मेंदूला सतत हाताळावा लागतो, आणि तासाभरात माणूस थकतो. त्याला ऐकण्याचा थकवा म्हणतात. त्यात आमची खोली उघडी लाकूड आणि काच. तिथे बारीक आवाज भिंतींवर आपटून आपटून परत येतात.

“म्हणजे मी वेडी नाही.”

“नाहीस. मी वेडा होतो, जरासा.”

त्याने जाड सतरंजी आणली. मी मन मोठं करून खिडक्यांना पडदे लावू दिले. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, थोडे तिरके केले, म्हणजे त्यांचा रोख थेट माझ्या डोक्यावर येणार नाही. फरक पडला. पंधरा मिनिटांऐवजी मी चाळीस मिनिटं बसू लागले. पण चाळीस मिनिटांनी कपडे ड्रायरमध्ये टाकायचे असायचेच.

शेवटी फेब्रुवारीत आम्ही आणखी एक दुकान शोधलं. पलीकडच्या गावात नदीकाठी एक जुनी कापडगिरणी आहे, आता तिथे कुंभारकामाचे वर्ग आणि छोटी छोटी दुकानं भरतात. तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ एकटेच स्पीकर विकायचे आणि दुरुस्त करायचे. पूर्वी पियानो सुरात लावायचं काम करायचे. उंच खिडक्यांतून नदीचा पांढरा उजेड येत होता. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. घाई नव्हती त्यांना. मग म्हणाले, “काय वाजवू?”

नवऱ्याने फोनवरची कॅसेट दाखवली. “हे. माझे वडील आहेत.”

“उत्तम. तुम्हाला पाठ असलेलं असावं, तेच बरं.” ते माझ्याकडे वळले. “तुम्ही पुस्तक आणलंय का? नाही? मग हे घ्या.” त्यांनी मला बागकामाचं एक मासिक दिलं. “ऐकायचा प्रयत्न करू नका. वाचा.”

त्यांनी एकामागून एक तीन जोड्या लावल्या, प्रत्येकी अर्धा तास, आवाज सारखाच ठेवून. मोठा आवाज नेहमी जास्त चांगला वाटतो, म्हणून तो मोजून सारखा करावा लागतो, असं ते म्हणाले. पहिल्या जोडीला मी टोमॅटोच्या रोपांवरची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. दुसरी बरी होती. तिसरी जोडी लहान होती, तपकिरी लाकडाची, समोरून काहीच दिखाऊ नाही. ती लागली आणि सासरे त्या लांबलचक खोलीत येऊन बसले, इतकंच. मी गुलाबाच्या छाटणीबद्दल सगळं वाचून काढलं. मधेच लक्षात आलं की मी ऐकतेय. मग पुन्हा विसरले.

“हीच,” मी म्हणाले.

“हीच?” नवरा चकित झाला. “यात तर जीव नाही. पहिली किती क्लिअर होती! हिच्यात बाबांचे शब्दच कळत नाहीत.”

म्हातारबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. “तुम्हाला शब्द कळत नाहीत?”

“तोंडावर फडकं बांधून गातायत असं वाटतं.”

“आणि तुम्हाला?” त्यांनी मला विचारलं.

“मला प्रत्येक शब्द कळतोय.” आणि मी त्यांना एक ओळ इंग्रजीत करून सांगितली. सवयच आहे.

त्यांनी गाणं थांबवलं. मग नवऱ्याला म्हणाले, “तुम्ही कुठे काम करता?”

“कारखान्यात. कॉम्प्रेसरच्या खोलीत बराच वेळ जातो.”

“आणि लहानपणी?”

नवऱ्याने भोंग्यांबद्दल सांगितलं. कार्यक्रमात पोरं भोंग्याखालीच बसायची, तिथे जागा रिकामी असायची म्हणून.

“मी तीस वर्षं पियानो लावले,” म्हातारबा म्हणाले. “वरच्या पट्ट्या माझ्या कानांतून कधी गेल्या, मला कळलंच नाही. बायकोला कळलं. ती म्हणाली, तू हल्ली पियानो तीक्ष्ण लावतोस. मला वाटलं, हिला काय समजतं.” ते हसले. “तुम्ही कान तपासून घ्या. स्पीकर नंतर घ्या. ही जोडी घेऊन जा घरी, तीन आठवडे ठेवा, मला घाई नाही.”

परतीच्या वाटेत तपकिरी जोडी मागच्या सीटवर होती. नवरा ड्राइव्ह करत राहिला. वायपर काचेवरून बर्फ बाजूला करत होते. घराजवळ आल्यावर म्हणाला, “मी बहिरा नाहीये.”

“कोण म्हणतंय?”

“तुम्ही दोघं.”

तपासणीला तो दोन आठवड्यांनी गेला, तेही लेकीने फोनवर दम दिल्यावर. “बाबा, जस्ट गो,” ती म्हणाली, “इट्स नॉट अ बिग डील.” मी सोबत होते. काचेच्या खोलीत तो बटण घेऊन बसला आणि मी बाहेरून बघत होते. जे आवाज मला दारातून पुसट ऐकू येत होते, त्यांनाही त्याचा अंगठा हलत नव्हता. तो समोर बघत होता, शहाण्या मुलासारखा, वाट बघत. मला ते बघवेना. मी दुसरीकडे पाहू लागले.

दोन्ही कानांत बारीक, उंच आवाज बरेच कमी झाले होते. ‘स’, ‘त’, ‘क’ यांसारखी अक्षरं निसटत होती. म्हणून दुकानातले ते झळाळते स्पीकर त्याला आवडले होते. जे त्याला कमी पडत होतं ते हे स्पीकर भरून देत होते. त्याला वडिलांचे शब्द पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आले ते त्यांच्यामुळेच. आणि त्याच शब्दांवर मी उठून जात होते. आम्ही दोघं एकाच सोफ्यावर बसून दोन वेगळी गाणी ऐकत होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं की समोरच्याला आपलंच ऐकू येतंय.

श्रवणयंत्रं आली मार्चमध्ये. कानामागे बसणारी, राखाडी, शेंगदाण्याएवढी. पहिला आठवडा कठीण गेला. प्लास्टिकची पिशवी उघडली तरी तो दचकायचा. ताटात चमचा ठेवला की म्हणायचा, “हळू यार.” मग एका रविवारी सकाळी, मी भाजी चिरत असताना, त्याने उंच स्पीकर लावले. आधीच्याच आवाजात, वडिलांचीच कॅसेट. दुसऱ्या गाण्याच्या टाळ्या सुरू झाल्या आणि गाणं थांबलं. मी बाहेर येऊन पाहिलं. तो दोन्ही हात कानांवर ठेवून खोलीच्या मधोमध उभा होता.

“एवढं टोचत होतं तुला?”

“हो.”

“मग सांगायचं ना.”

“सांगितलं होतं.”

त्याने मान हलवली. “सांगितलं होतंस,” तो म्हणाला. मग त्याने हात खाली घेतले, आणि आम्ही दोघांनी मिळून त्या उंच स्पीकरांच्या तारा काढल्या.

तपकिरी जोडी त्यांच्या जागी बसली. पहिल्या दिवशी तीही त्याला वेगळीच वाटली. श्रवणयंत्रांना सरावायला त्याला अजून महिना लागला. पण दुपारी आता आम्ही बसू लागलो. पडद्यातून गाळून आलेला उजेड सतरंजीवर पडायचा. तो डोळे मिटून ऐकायचा, मी मिटून झोपायचे. कधी जाग यायची तेव्हा सासरे गातच असायचे, आणि मला क्षणभर कळायचं नाही की मी नागपुरात आहे, श्रूजबरीत आहे, की कुणाच्या तरी कॉलवर आहे.

अशाच एका दुपारी त्याने मला हलवून उठवलं. “ऐक. हे ऐक.” त्याने एक जागा मागे घेतली. कोरसमध्ये पुरुषांच्या मागे एक बाईचा आवाज होता, पातळ, थोडा मागे रेंगाळणारा. मला तो आधीच ऐकू आला होता, पण त्याला आज पहिल्यांदा. त्याचे डोळे मोठे झाले होते. “आई असेल का ही?”

त्याची आई तो नऊ वर्षांचा असताना वारली. तिचा एक फोटो आहे, आवाज कुठेच नाही. तो कसा होता हेही त्याला आठवत नाही. ती ओळ आम्ही पंधरा-वीस वेळा ऐकली. दर वेळी तो आवाज मला थोडा अधिक तिचा वाटायला लागला, त्या फोटोतल्या बाईचा.

नागपुरात सकाळ व्हायची वाट बघून त्याने मोठ्या बहिणीला फोन लावला. फोन स्पीकरजवळ धरला. पलीकडे ताईंनी ओळ शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाल्या, “पुन्हा लाव.” त्याने पुन्हा लावलं.

“ही तर मागच्या घरची मावशी होय रे,” ताई म्हणाल्या. “आई कुठं बसायची कोरसात! आईले काही सूर नव्हता. बाबा तिले म्हणायचे, तू फक्त टाळ्या वाजव.”

नवरा बघतच राहिला. मग तो हसायला लागला. पलीकडे ताईही हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या, आणि त्याने फोन कानाजवळ घेऊन कितीतरी वेळ त्यांना आईबद्दल विचारलं. ती कशी हसायची, कशी हाक मारायची, रागावली की काय म्हणायची. अशा गोष्टी त्याने आजवर कुणाला विचारल्या नव्हत्या. मी चहा केला. त्यांचं बोलणं चालूच होतं.

उंच स्पीकर आम्ही इथल्या आमच्या बौद्ध मंडळाला दिले. दर महिन्याला वंदनेसाठी भाड्याने घेतलेला हॉल मोठा आहे, दीडशे माणसं, पोरंटोरं, जाड गालिचा. तिथे ते बरोबर वाटतात. इतक्या गडबडीत त्यांच्याइतकं कडक काहीतरी लागतंच.

एप्रिलच्या मध्यावर थंडी जरा ओसरली. संध्याकाळी आम्ही घरामागच्या रस्त्याने फिरायला निघालो, जिथे एका बाजूला दलदल आहे आणि तिच्यात अर्धी बुडालेली झाडं. ऊन नुकतंच गेलं होतं, पाण्यावर अजून फिका उजेड होता. नवरा थांबला.

“हे काय वाजतंय?”

“काय?”

“हे. सगळीकडून. तार वाजतेय का विजेची?”

मी ऐकलं. दर वर्षी असतं, म्हणून माझ्या लक्षातही येत नाही. शेकडो बारीक शिट्ट्या, एकमेकींत मिसळलेल्या. “बेडूक आहेत,” मी म्हणाले. “छोटे. नखाएवढे. बर्फ वितळलं की ओरडतात.”

“बावीस वर्षं झाली आपल्याला इथं येऊन.”

“हो.”

“दर वर्षी ओरडतात?”

“दर वर्षी.”

तो रस्त्याच्या कडेला गेला, कुंपणाला हात टेकून उभा राहिला. अंगावर पातळ जाकीट होतं आणि गारवा वाढत होता. मी त्याला चल म्हणाले नाही. मीही त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. झाडांचे बुंधे पाण्यात काळे पडत गेले, आणि बेडूक ओरडतच राहिले.